राखेचा पाऊस आणि आपली तयारी



भूगोलाच्या तासाला ज्वालामुखीचा धडा आला म्हणजे वर्गांत दोन प्रकारचीं मुलें दिसतात. कांहींना डोंगराच्या माथ्यांतून उसळणाऱ्या तप्त रसाचें चित्र पाहून मौज वाटते. कांहींना तो धडा केवळ परीक्षेपुरता वाटतो, कारण आपल्या महाराष्ट्रांत जागृत ज्वालामुखी एकही नाहीं. पालकांपैकींही कित्येक विचारतात कीं, जें संकट आपल्या दारीं येण्याचा संभव नाहीं त्याचा अभ्यास मुलांनीं कशाला करावा ? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देण्यासाठींच प्रस्तुत लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. लाव्हारसाविषयीं पाठ्यपुस्तकांत पुष्कळ असतें. म्हणून येथें आम्ही त्याच्या शांत दिसणाऱ्या सोबतिणीविषयीं, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेविषयीं, लिहिणार आहों. लाव्हारस बहुधा सावकाश वाहतो व थोडी वाट चालून थांबतो. राख मात्र वाऱ्यावर बसून शेंकडों कोस जाते आणि ज्यांनीं तो डोंगर कधीं पाहिलाही नाहीं त्यांच्या छपरावर उतरते.

आपला संबंध

प्रथम आपला संबंध कोठें येतो तें पाहूं. सह्याद्रीचे काळे कडे, वेरूळ व अजिंठा येथील लेणीं ज्यांत कोरलीं तो पाषाण, आणि जिच्यांत कापूस व ज्वारी पिकते ती काळी माती, हें सर्व सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या लाव्हारसाचें देणें होय. त्या मानानें बरीच अलीकडची अशी दुसरी एक खूण पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुक्यांत, कुकडी नदीच्या कांठीं, बोरी गांवाजवळ आहे. तेथें नदीच्या गाळांत राखेचा एक थर सांपडला असून ती राख सुमात्रा बेटांतील टोबा नामक ज्वालामुखीची आहे असें तज्ज्ञ मानतात. तिचें वय किती ह्याविषयीं विद्वानांत वाद आहे. परंतु ती तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून आपल्या नदीकांठीं येऊन विसावली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हें झालें प्राचीन काळचें. २०२५ सालीं नोव्हेंबरच्या २३ तारखेस आफ्रिका खंडांतील इथिओपिया देशाच्या अफार प्रांतांत हायली गुब्बी नांवाचा ज्वालामुखी जागा झाला. त्याची राख सुमारें १४ किलोमीटर उंच चढली, तांबडा समुद्र, येमेन व ओमान ओलांडून अरबी समुद्रावरून दुसऱ्या दिवशीं रात्रीं भारताच्या वायव्य भागावर आली, आणि तिच्यामुळें आपल्या देशांतील कित्येक विमानांचीं उड्डाणें रद्द करावीं लागलीं. राख फार उंचावरून गेली म्हणून जमिनीवर तिचा उपद्रव झाला नाहीं. तथापि ज्या देशाचें नांव आपण नकाशांत शोधूनच वाचतों, तेथील डोंगर एका दिवसांत आपल्या आकाशांत येऊन पोहोंचतो, एवढें तरी ह्यावरून ध्यानांत यावें.

राख म्हणजे काय ?

राख हा शब्द ऐकतांच आपल्याला चुलींतील राख आठवते. ती लाकूड जळून उरलेली, मऊ व हलकी. तिनें आपल्या आयाबहिणींनीं पिढ्यान् पिढ्या भांडीं घांसलीं. ज्वालामुखीची राख मात्र कांहींएक जळून झालेली नसते. ती म्हणजे खडकाचा, स्फटिकांचा व नैसर्गिक कांचेचा चुरा होय. दोन मिलिमीटरांहून बारीक असलेल्या अशा कणांना शास्त्रज्ञ राख म्हणतात. त्यांतील कित्येक कण तर पिठाहूनही बारीक असतात.

हा चुरा होतो कसा ? गोटी सोड्याची बाटली तुम्हीं पाहिलीच असेल. गोटी आंत दाबली कीं पाण्यांत कोंडलेला वायु एकदम सुटतो व फेंस उसळून वर येतो. भूगर्भांतील वितळलेल्या खडकांतही पाण्याची वाफ व इतर वायु असेच दाबाखालीं विरघळलेले असतात. तो रस वर चढला व दाब कमी झाला म्हणजे त्यांत असंख्य बुडबुडे होतात, ते फुटतात, आणि त्यांच्याभोंवतीं असलेला रस क्षणांत थिजून त्याच्या बारीक कांचा होतात. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिल्यास त्या कणांना धारदार कोपरे दिसतात. अशी ही राख आगींत जळत नाहीं, पाण्यांत विरघळत नाहीं. ती कांचेवर चरे पाडते, यंत्रांचे सांधे झिजविते, डोळ्यांत व घशांत खुपते. ताज्या राखेच्या अंगावर आम्लाचा व क्षारांचा पातळ लेप असतो; म्हणून ती ओली झाली कीं धातूला खाते आणि तिच्यांतून वीज वाहूं लागते. विजेच्या खांबांवरील चिनी मातीच्या चिमण्यांवर ओली राख बसली तर वीज भलत्या वाटेनें जाते व सारें गांव अंधारांत बुडतें.

छपरावरील ओझें

आतां थोडें गणित करूं. नुकतीच पडलेली कोरडी राख एक घनमीटर घेतली तर तिचें वजन साधारणपणें ४०० ते ७०० किलो भरतें. तीच पावसानें भिजली तर १,००० ते २,००० किलोपर्यंत जातें. समजा, एका घराचें छप्पर ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. म्हणजे त्याचें क्षेत्रफळ ३० चौरस मीटर झालें. त्यावर १० सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नव्हे, राख सांचली तर ती ३ घनमीटर होते. कोरडी असेल तर तिचें वजन १,२०० ते २,१०० किलो. आणि भिजली तर ३,००० ते ६,००० किलो, म्हणजे तीस ते साठ क्विंटल. साठ क्विंटल धान्याचीं पोतीं घराच्या कौलांवर रचलीं तर काय होईल ह्याची कल्पना शेतकऱ्याच्या मुलास तरी सांगावी लागणार नाहीं.

हें गणित केवळ फळ्यावरचें नव्हे. फिलिपाईन्स देशांतील लुझॉन बेटावर पिनाटुबो नांवाचा डोंगर आहे. तो सुमारें पांचशें वर्षें निजलेला होता, आणि त्याच्या उतारावर राहणाऱ्या बहुतेकांना तो ज्वालामुखी आहे हेंही ठाऊक नव्हतें. १९९१ च्या एप्रिलमध्यें त्याच्या कुशींतून वाफेचे लोट निघूं लागले. त्या देशाच्या व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनीं भूकंपमापक यंत्रें बसविलीं, धोक्याच्या पांच पायऱ्या ठरविल्या आणि अधिकाऱ्यांना सावध केलें. परंतु ज्यानें कधीं असा उद्रेक पाहिला नाहीं त्याला केवळ शब्दांनीं काय समजणार ? म्हणून त्यांनीं एक चित्रपट दाखविला. जगभरच्या ज्वालामुखींजवळ जाऊन मॉरिस क्राफ्ट ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें घेतलेलीं दृश्यें त्यांत होतीं. तीं पाहून अनेकांचा संशय फिटला व हजारों लोक वेळेवर दूर गेले. ज्यांच्या परिश्रमानें हें साधलें ते मॉरिस व त्यांची पत्नी कातिया हीं दोघें मात्र जपानांतील उन्झेन ज्वालामुखीपाशीं ३ जून १९९१ रोजीं मृत्युमुखीं पडलीं. पिनाटुबोचा महास्फोट होण्यास तेव्हां बारा दिवस अवकाश होता. आपण दिलेल्या शिक्षणानें किती जीव वांचले तें त्यांना कळलें नाहीं.

१५ जून रोजीं तो स्फोट झाला आणि राख सुमारें ३५ किलोमीटर उंच गेली. दुर्दैवानें त्याच दिवशीं त्या बेटावरून युन्या नांवाचें चक्रीवादळ जात होतें. त्याच्या पावसानें पडती राख भिजून जड झाली आणि छपरांमागून छपरें कोसळलीं. त्या दिवशीं जे लोक मेले त्यांपैकीं बहुतेक तप्त रसानें किंवा धुरानें नव्हे, तर ज्या छपराखालीं आसरा घेतला त्याच्याच भारानें मेले. पुढें निर्वासितांच्या छावण्यांत गोंवर, हगवण व फुप्फुसाचा दाह ह्यांनीं, विशेषेंकरून डोंगरांतील आएटा लोकांत, आणखी अनेक बळी घेतले. संकट टळलें असें वाटतें तेव्हांही स्वच्छता व औषधोपचार ह्यांची जरूरी संपत नाहीं, हा त्यांतील दुसरा धडा होय.

एकाच गांवाच्या दोन कथा

पापुआ न्यू गिनी देशांत न्यू ब्रिटन नांवाचें बेट आहे व त्यावर रबौल नांवाचें बंदर आहे. हें बंदर प्राचीन ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखांतच वसलेलें असून त्याच्या दोन बाजूंस टावुरवुर व व्हल्कन असे दोन ज्वालामुखी आहेत. १९३७ सालीं मे महिन्याच्या अखेरीस हे दोन्ही जागे झाले. लोकांस पूर्वसूचना नव्हती, कोठें जावें हें ठरलेलें नव्हतें. सुमारें ५०० माणसें प्राणांस मुकलीं.

त्यानंतर तेथें ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारी वेधशाळा स्थापन झाली. १९८३ ते १९८५ ह्या काळांत भूकंपाचे धक्के वाढले तेव्हां उद्रेक होणार अशी भीति वाटून गांव सोडून जाण्याच्या योजना आंखल्या गेल्या, कोणत्या वाड्यांनीं कोणत्या रस्त्यानें जावें हें ठरलें आणि त्याची तालीमही झाली. उद्रेक मात्र तेव्हां झाला नाहीं. इतके श्रम व्यर्थ गेले असें म्हणणारे तेथेंही निघाले असतीलच !

नऊ वर्षें गेलीं. १९९४ च्या सप्टेंबरमध्यें, १८ तारखेच्या पहाटेपासून जमीन पुनः हादरूं लागली. ज्या वृद्धांना १९३७ सालची आठवण होती त्यांनीं त्या खुणा ओळखल्या, आणि ज्यांनीं तालीम केली होती त्यांना वाट ठाऊक होती. त्याच संध्याकाळीं व रात्रीं हजारों लोक चालत व गाड्यांतून गांवाबाहेर पडले. १९ तारखेस सकाळीं सहा वाजून गेल्यावर टावुरवुर फुटला व तासाभरानंतर व्हल्कन. राखेच्या भारानें रबौलमधील बहुतेक घरें जमीनदोस्त झालीं, विमानतळ बुडाला, आणि पुढें प्रांताची राजधानी कोकोपो येथें हलवावी लागली. परंतु प्राणहानि किती झाली ? अवघी पांचाच्या सुमारास. तेच गांव, तेच डोंगर, तीच राख. एके वेळीं पांचशें आणि दुसऱ्या वेळीं पांच. ह्या दोन आंकड्यांमधील अंतर शिक्षणानें व तयारीनें भरून काढलें.

संकटापूर्वीं

ज्वालामुखीच्या शेजारीं राहणाऱ्या कुटुंबांना जी तयारी शिकवितात तिचा सारांश येथें देतों. आपणांपैकीं कोणाचे आप्त इंडोनेशियांत, फिलिपाईन्समध्यें, जपानांत वा न्यूझीलंडमध्यें नोकरीधंद्यानिमित्त राहत असतील, तर त्यांस ती प्रत्यक्ष उपयोगीं पडेल.

पहिली गोष्ट पाण्याची. राख पडूं लागली कीं उघडे तलाव व टाक्या गढूळ होतात आणि वीज गेल्यानें पंप बंद पडतात. म्हणून निदान तीन दिवस पुरेल इतकें पिण्याचें पाणी झांकून ठेवावें. गढूळ पाण्यांत जंतुनाशक औषधाचा गुण नीट येत नाहीं, ह्यास्तव असें पाणी आधीं निवळूं द्यावें व गाळावें. पन्हळीचें पावसाचें पाणी टाकींत घेत असल्यास राख येण्यापूर्वींच ती नळी काढून ठेवावी.

दुसरी गोष्ट, न शिजवितां खातां येईल असें अन्न, नेहमींचीं औषधें, विजेरी, बॅटरीवर चालणारा रेडिओ, चार्ज केलेला मोबाईल, तोंडावर घट्ट बसणारे मास्क व डोळ्यांस सर्व बाजूंनीं झांकणारे चष्मे एका ठिकाणीं ठेवावेत. बारीक धूळ अडविण्यासाठीं एन-९५ जातीचा मास्क उत्तम. तो नसेल तर कापडाच्या घड्या नाकातोंडावर बांधाव्यात; कांहीं नसण्यापेक्षां तें बरें, परंतु त्यावर फार विसंबूं नये. कापड ओलें केल्यानें तें अधिक चांगलें गाळतें असा समज पुष्कळ ठिकाणीं आहे. प्रयोगांत मात्र त्यास आधार मिळालेला नाहीं.

तिसरी गोष्ट माणसांची. शेजारीं कोणी वृद्ध, अंथरुणास खिळलेला किंवा दम्याचा रोगी असल्यास त्याच्याकडे कोण जाईल हें आधींच ठरवावें. मुलें शाळेंत असतांना राख आली तर त्यांना कोणीं व केव्हां न्यावयाचें, हें पालकांनीं शिक्षकांशीं बोलून ठेवावें. गुरांचा चारा झांकावा व त्यांना छपराखालीं घ्यावें. ह्यांतील कोणतीही गोष्ट खर्चाची नाहीं. ती आधीं सुचावी लागते एवढेंच.

राख पडत असतां

सरकारी अधिकारी गांव सोडा म्हणतील तर तत्काळ सोडावा. घरदार राखण्यासाठीं मागें राहूं नये. इ. स. ७९ मध्यें इटलींतील व्हेसुव्हियस फुटला तेव्हांची हकीकत धाकट्या प्लिनीनें आपल्या पत्रांत लिहून ठेविली आहे. त्याचा मामा जेथें निजला होता त्या खोलीपुढील अंगण राखेनें व सच्छिद्र दगडांनीं इतकें भरत चाललें कीं, आणखी उशीर झाला असता तर दारच उघडलें नसतें. बाहेर पडतांना त्या लोकांनीं डोक्यांवर उशा बांधल्या होत्या. मामा त्या संकटांतून परतला नाहीं. परंतु उशीची युक्ति व उशिराचा परिणाम ह्या दोन्ही गोष्टी त्या पत्रामुळें आपल्याला कळल्या.

गांव सोडण्याची आज्ञा नसेल तर घरांतच राहावें. दारें-खिडक्या लावून फटींशीं ओलीं फडकीं दाबावीं. पंखे व वातानुकूल यंत्रें बंद ठेवावीं. बाहेर जाणें भागच असेल तर लांब बाह्यांचे कपडे घालावे, आणि परत आल्यावर ते दाराशींच उतरावे. डोळ्यांत बसविण्याची भिंगें वापरूं नयेत, कारण राखेचा कण त्यांच्याखालीं अडकला तर बुबुळास जखम होते. डोळे चोळूं नयेत. स्वच्छ पाण्यानें धुवावे. मोटार चालविण्याचें टाळावें : पुढचें दिसत नाहीं, रस्ता निसरडा होतो आणि मागून येणाऱ्या गाड्या राख पुनः उडवितात. भर दुपारीं काळोख झाला तरी घाबरूं नये. राखेचा ढग सूर्य झांकतो आणि तो ढग सरला कीं उजेड पुनः येतो.

राख पडून गेल्यावर

आतां खरें कष्टाचें काम. पावसापूर्वीं छपरें मोकळीं करावीं. थर जाड होण्याची वाट पाहूं नये. परंतु राखेनें छप्पर निसरडें होतें व त्यावरून पडून माणसें दगावलीं आहेत. ह्यास्तव एकट्यानें कधींही वर चढूं नये, शिडी धरावयास दुसरा असावा, आणि मुलांनीं तर हें काम करूंच नये. थर आधींच जाड असेल व वासे वांकले असतील तर वर न चढतां घर सोडणें हेंच शहाणपण.

झाडतांना राखेवर पाण्याचा हलका शिडकावा करावा, म्हणजे ती उडत नाहीं. मात्र पाण्याचा लोट सोडून ती गटारांत ढकलूं नये. ती तेथें जाऊन सिमेंटासारखी घट्ट बसते व पुढच्या पावसांत रस्त्यांवर पाणी तुंबतें. खोऱ्यानें भरून पोत्यांत घालावी व गांवानें ठरविलेल्या जागीं टाकावी. नेहमींच्या कचऱ्यांत मिसळूं नये. फरशी व कांच कोरड्या फडक्यानें घांसूं नये, नाहींतर चरे पडतात. शेतांतील भाजीपाला धुतल्याविना खाऊं नये.

गुरांची काळजी विशेष घ्यावी. १७८३ सालीं आइसलंडमधील लाकी येथें जमिनीस लांबच लांब भेग पडून उद्रेक झाला. त्यांतील विषारी क्षार गवतावर बसले; तें गवत खाऊन देशांतील निम्म्याहून अधिक जनावरें मेलीं, आणि त्यामागून आलेल्या दुष्काळांत सुमारें पांचवा हिस्सा माणसें मेलीं. माणूस राखेखालीं सांपडला नाहीं म्हणून तो वांचलाच असें नाहीं. ज्या दाव्याला त्याचें पोट बांधलेलें असतें तें दावेंही पाहावें लागतें.

आकाशांतील राख

२४ जून १९८२ रोजीं ब्रिटिश एअरवेजचें एक मोठें विमान रात्रीं कुआलालंपूरहून पर्थकडे जात असतां जावा बेटाजवळ त्याचीं चारही इंजिनें एकामागून एक बंद पडलीं. आंत अडीचशेंहून अधिक माणसें होतीं. गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगांत तें शिरलें होतें; रात्रीं तो ढग दिसला नाहीं, आणि विमानांतील हवामानाचें रडार पावसाचे थेंब ओळखतें, कोरडी राख ओळखत नाहीं. इंजिनाच्या प्रखर उष्णतेनें राखेची कांच वितळते आणि आंतील पात्यांवर थिजून हवेची वाट अडविते. विमान तरंगत खालीं आलें, राखेबाहेर पडलें, थिजलेली कांच तडकून गळाली, इंजिनें पुनः सुरू झालीं आणि पुढची कांच चऱ्यांनीं आंधळी झालेली असतांही वैमानिकांनीं तें जाकार्तास उतरविलें. सर्व प्रवासी वांचले.

ह्या व अशा इतर प्रसंगांनंतर राखेच्या ढगांवर पाळत ठेवणारीं नऊ केंद्रें जगांत स्थापन झालीं. डार्विन, टोकियो, तूलूझ व लंडन येथील केंद्रें त्यांपैकींच होत. २०१० च्या एप्रिलमध्यें आइसलंडमधील एका ज्वालामुखीमुळें युरोपांत सुमारें एक लाख उड्डाणें रद्द झालीं, आणि २०२५ सालीं आपल्याकडील विमानें थांबलीं, तीं ह्या सूचनांवरूनच. विमानतळावर खोळंबलेला प्रवासी चिडतो. परंतु तो जमिनीवर चिडत आहे, हेंच ह्या व्यवस्थेचें यश होय.

आपण काय घ्यावें ?

हीच राख वर्षानुवर्षें ऊनपाऊस खाऊन कुजते तेव्हां तिच्यांतून अतिशय सुपीक माती तयार होते. जावा बेटावर ज्वालामुखींच्या पायथ्याशीं एवढी दाट वस्ती आहे ती त्यामुळेंच. म्हणून ‘लोक तेथें राहतातच कशाला ?’ असें आपण उगीच विचारूं नये. आपणही नदीकांठीं राहतों, कारण नदी पाणी देते. तीच कधीं पूर आणते. जमीन सोडून माणसाला राहतां येत नाहीं. तिचा स्वभाव ओळखून राहतां येतें.

आपल्या महाराष्ट्राचा स्वभाव आपण किती ओळखतों ? ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेचा व ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारीस पहाटे लोक निजलेले असतां जाड दगडी भिंती व मातीचें जड माळवद त्यांच्या अंगावर आलें आणि हजारों माणसें गेलीं. पिनाटुबोच्या पायथ्याशीं राखेनें छप्पर जड झालें. आपल्याकडे तें पिढ्यान् पिढ्या जडच होतें. डोक्यावर किती ओझें आहे व तें कशाच्या आधारावर उभें आहे हा प्रश्न दोन्ही ठिकाणीं एकच आहे. म्हणून जो विद्यार्थी वर केलेलें गणित समजून करील त्यानें आपल्या घराचें छप्परही एकदां मान वर करून पाहावें, आणि वडिलांना विचारावें कीं हें कोणीं, कसें व केव्हां बांधलें.

शाळेंत आपत्तीची तालीम होते तेव्हां घंटा वाजतांच मुलें हंसत खिदळत पटांगणांत येतात आणि पालकांना वाटतें कीं अभ्यासाचा वेळ फुकट गेला. त्या वेळीं रबौलची आठवण ठेवावी. तेथेंही तालीम झाली त्या वर्षीं कांहीं घडलें नाहीं. तिचें मोल नऊ वर्षांनीं एका रात्रींत कळलें.

विद्यार्थ्यांसाठीं प्रश्न

१. चुलींतील राख व ज्वालामुखीची राख ह्यांतील चार भेद सांगा.

२. ८ मीटर लांब व ५ मीटर रुंद छपरावर ५ सेंटिमीटर भिजलेली राख सांचली आहे. एका घनमीटराचें वजन १,५०० किलो धरून एकूण ओझें काढा.

३. राख पाण्याच्या लोटानें गटारांत कां ढकलूं नये ?

४. रबौल येथें १९३७ व १९९४ ह्या दोन वेळीं प्राणहानींत एवढा फरक कां पडला, हें आपल्या शब्दांत लिहा.

५. तुमच्या गांवास पूर, वीज, भूकंप, आग किंवा दरड ह्यांपैकीं कोणत्या संकटाचा धोका आहे ? घरांतील वडील मंडळींना विचारून त्याच्या तयारीची यादी करा, ती स्वयंपाकघरांत सर्वांस दिसेल अशी लावा, आणि वर्षांतून एकदां ती पुनः वाचा.